गरोदरपणातलं धूम्रपान आणि मुलाची बुद्धी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न बहुतेक वेळा दाराशी, जाता जाता विचारले जातात. तपासणी झालेली असते, फाइल पिशवीत गेलेली असते, सोबत आलेलं माणूस पुढे निघालेलं असतं, आणि मग हळू आवाजात येतं, "एक विचारू का?" इथे ते प्रश्न एकत्र घेतले आहेत. उत्तरं देताना एक पथ्य पाळलं आहे. जे पक्कं ठाऊक आहे ते पक्कं म्हणून सांगायचं आणि जिथे संशोधकांमध्येच वाद आहे, तिथे तो वाद उघड करायचा. भीती घातली की सिगारेट सुटते, असं मी फारसं पाहिलेलं नाही. भीतीने ती लपवली मात्र जाते.

दिवस गेल्याचं कळलं तेव्हा सहा आठवडे होऊन गेले होते. तोवर मी रोज ओढत होते. बाळाच्या मेंदूचं नुकसान झालं असेल का?

सर्वात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, म्हणून तो पहिला. आणि इथे दिलासा देण्यासारखं खरोखर काही आहे.

नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम शहरात हजारो मुलांचा गर्भापासून पाठपुरावा करणारा 'जनरेशन आर' नावाचा अभ्यास चालू आहे. त्यातल्या सहा ते आठ वर्षांच्या काही मुलांच्या मेंदूचे एमआरआय काढले आणि २०१४ साली निष्कर्ष छापून आले. ज्यांच्या आयांनी गरोदरपणभर सिगारेट चालू ठेवली होती, त्या मुलांच्या मेंदूचं एकूण आकारमान सरासरीने कमी आणि मेंदूचं बाह्य आवरण काही भागांत पातळ दिसलं. दिवस गेल्याचं कळताच ज्यांनी सिगारेट सोडली, त्यांच्या मुलांचे मेंदू मात्र धूर न लागलेल्या मुलांसारखेच दिसले.

दुसरा आधार वजनाचा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, पंधराव्या आठवड्याआधी सिगारेट सोडलेल्या बायकांमध्ये अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि कमी वाढीचं बाळ यांचं प्रमाण न ओढणाऱ्यांइतकंच आढळलं. तेव्हा मागच्या सहा आठवड्यांचा हिशेब मांडत बसण्यात अर्थ नाही. हातात आहेत ते पुढचे आठवडे.

पाचवा-सहावा महिना लागला असेल तर? आता सोडून उपयोग काय?

उपयोग आहे. बाळाचं वजन झपाट्याने वाढतं ते शेवटच्या तिमाहीत, आणि मेंदूचीही मोठी वाढ तेव्हाच होते. रक्तातला कार्बन मोनॉक्साइड एक-दोन दिवसांत उतरतो. म्हणजे सोमवारी सोडली तर बुधवारपर्यंत बाळाकडे जाणाऱ्या रक्तात प्राणवायू वाढलेला असतो. सोडायला उशीर झाला असं ज्या दिवसाबद्दल म्हणता येईल, तो दिवस नऊ महिन्यांत येतच नाही.

धूर फुप्फुसात जातो. तो बाळापर्यंत पोचतो कसा?

धूर जात नाही. धुरातलं जे रक्तात उतरतं ते जातं. सिगारेटच्या धुरात सात हजारांवर रसायनं असतात. त्यांतली दोन इथे महत्त्वाची: कार्बन मोनॉक्साइड आणि निकोटीन.

प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला कार्बन मोनॉक्साइड प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. एकदा बसला की जागा सोडायला तास लावतो. बाळाच्या रक्तात त्याचं प्रमाण आईच्या रक्तापेक्षाही जास्त चढतं आणि उतरतंही सावकाश. शिवाय हिमोग्लोबिनवर जो थोडा प्राणवायू उरतो, तोही बाळाच्या ऊतींना सहज सोडला जात नाही. दुहेरी कोंडी.

निकोटीनला वार, म्हणजे बाळाला आईच्या रक्तातून पोषण पोचवणारा अवयव, अडवत नाही. अनेकांना वाटतं वार म्हणजे गाळणी, वाईट ते बाहेर ठेवेल. निकोटीनच्या बाबतीत तसं काही होत नाही. गर्भाच्या रक्तात ते आईच्या रक्तापेक्षा साधारण १५ टक्के जास्त सापडलं आहे, आणि गर्भजलात त्याहून अधिक. वर निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे वारेकडे जाणारं रक्तही घटतं.

श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजायचं एक हातात मावणारं यंत्र असतं. खोल श्वास घ्यायचा, पंधरा सेकंद धरायचा आणि नळीत हळूहळू सोडायचा. सातव्या महिन्यातल्या एक ताई "दिवसाला दोनच" म्हणाल्या होत्या. पडद्यावर आकडा चढत चढत १७ वर थांबला. न ओढणाऱ्या माणसाचा तो सहसा चारच्या आत राहतो. त्या काही बोलल्या नाहीत. पर्समधून पाकीट काढून टेबलावर ठेवलं, मग पुन्हा उचललं, आणि विचारलं, "हा आकडा माझा की बाळाचा?" दोघांचा, असं मी म्हटलं. त्यांनी पाकीट परत टेबलावर ठेवलं आणि या वेळी तिथेच राहू दिलं.

निकोटीन मेंदूत नेमकं करतं काय?

मेंदूत ॲसिटिलकोलिन नावाचं एक रसायन असतं. मोठ्यांमध्ये ते पेशींमधला निरोप्या असतं. गर्भात त्याचं काम आणखी वेगळं असतं. बांधकामावरच्या मुकादमासारखं ते सांगत फिरतं: या पेशींनी आता वाढायचं, यांनी थांबायचं, यांनी तिकडे जाऊन जोडणी करायची. हे हुकूम झेलणारे ग्राहक-रेणू गर्भाच्या मेंदूत पहिल्या तिमाहीतच तयार होऊ लागतात.

निकोटीन नेमकं त्याच ग्राहक-रेणूंवर जाऊन बसतं. म्हणजे मुकादमाच्या आवाजात कुणीतरी भलतंच माणूस भलत्या वेळी ओरडतं, आणि पेशी ते ऐकतात. उंदीर-घुशींवरच्या प्रयोगांत असं दिसलं की पिल्लांचं वजन घटण्याइतकी निकोटीनची मात्रा नसतानाही मेंदूच्या पेशींची संख्या आणि जोडणी बदलते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल: बाळ वजनाने चांगलं भरलं म्हणजे मेंदूला काहीच झालं नाही, असं होत नाही.

मग मुलाचा बुद्ध्यांक कमी होतो, हे खरं का?

इथे थोडा दम धरून वाचा. एका ओळीत उत्तर देणारे पुष्कळ आहेत, आणि दोन्ही बाजूंचे चुकतात.

गोष्ट जुनी आहे. मार्च १९५८ मधल्या एका आठवड्यात ब्रिटनमध्ये जन्मलेल्या मुलांचा पाठपुरावा करण्यात आला. ती सात आणि अकरा वर्षांची झाल्यावर त्यांच्या चाचण्या घेतल्या. १९७३ साली नेव्हिल बटलर आणि हार्वी गोल्डस्टीन यांनी मांडलं की गरोदरपणात रोज दहा किंवा जास्त सिगारेटी ओढणाऱ्या आयांची मुलं वाचन, गणित आणि सामान्य क्षमतेत सरासरी तीन ते पाच महिने मागे होती. उंचीत एक सेंटीमीटर कमी. मग १९९४ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात, रोज दहा किंवा जास्त ओढणाऱ्या आयांच्या तीन-चार वर्षांच्या मुलांचा बुद्ध्यांक इतर कारणं वजा करूनही सुमारे चार गुणांनी कमी भरला. २००५ साली डेन्मार्कमधून आलेल्या अभ्यासात हा फरक तरुण वयातही टिकलेला दिसला.

इथवर चित्र स्वच्छ वाटतं. पण "इतर कारणं वजा करून" या शब्दांतच सगळी गोम आहे. ज्या समाजांत हे अभ्यास झाले, तिथे गरोदरपणात सिगारेट न सोडणाऱ्या बायका सरासरीने कमी शिकलेल्या, कमी मिळकतीच्या आणि जास्त ओढग्रस्तीत जगणाऱ्या होत्या. मुलाच्या चाचणीतल्या गुणांवर या साऱ्याचा परिणाम होतोच. मग फरक सिगारेटचा की परिस्थितीचा?

२००६ साली बॅटी, डर आणि डिअरी या संशोधकांनी अमेरिकेतल्या हजारो मुलांची आकडेवारी पुन्हा तपासली. रोज एक पाकीट ओढणाऱ्या आयांच्या मुलांचे गुण २.८७ ने कमी होते. आईचं शिक्षण हिशेबात धरल्यावर तो फरक ०.२७ वर आला. जवळजवळ पुसला गेला. स्वीडनमध्ये आणखी चतुर तुलना झाली: एकाच आईची दोन मुलं, एका वेळी तिने ओढली, दुसऱ्या वेळी नाही. घर तेच, आई तीच. तिथेही भावंडांच्या बुद्धीच्या चाचण्यांत आणि शाळेच्या गुणांत फरक उरला नाही म्हणावा असाच होता.

माझं मत विचाराल तर असं. "एक सिगारेट म्हणजे बाळाचे इतके गुण गेले" असं लिहिणारी पोस्टरं खोटी आहेत. सरासरी फरकाचा मोठा वाटा घरच्या परिस्थितीचा आहे, असंच ताजे अभ्यास सुचवतात. पण बुद्ध्यांक म्हणजे अख्खा मेंदू नव्हे. एमआरआयमधला फरक, प्राण्यांवरचे प्रयोग, कमी वजन, हे बाजूला सारता येत नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा, म्हणजे तिथल्या सरकारच्या सार्वजनिक आरोग्य प्रमुखाचा, २०१४ चा अहवाल मला इथे नेमका वाटतो. निकोटीनमुळे अपुऱ्या दिवसांची प्रसूती आणि मृत बाळाचा जन्म होण्याला हातभार लागतो याचा पुरावा 'पुरेसा' आहे, असं तो म्हणतो. मेंदूच्या वाढीवरच्या कायमच्या परिणामांबद्दल पुरावा 'सूचक' आहे, असं म्हणतो. दोन शब्दांत फरक आहे, आणि तो मुद्दाम ठेवलेला आहे.

म्हणजे बुद्धीवर परिणाम नाही असंच म्हणा की! मग सोडायची कशाला?

असं म्हटलेलं नाही. मुलाच्या बुद्धीपर्यंत जाणारी एक आडवाट आहे आणि तिच्याबद्दल वाद नाही.

गरोदरपणात धूम्रपान चालू राहिलं तर बाळाचं वजन सरासरी २०० ग्रॅमने कमी भरतं. १९५७ साली कॅलिफोर्नियातल्या विनिआ सिम्पसन यांनी हे प्रथम ठळकपणे मांडलं आणि तेव्हापासून जगभर तेच दिसत आलं आहे. स्वीडनसारखी भावंडांची तुलना केली तरी हा फरक उरतो. आणखी एक तपासणी झाली. टेस्ट ट्यूब पद्धतीत काही वेळा दुसरीचं बीज घेतलेलं असतं, म्हणजे पोटातल्या बाळाशी आईचं रक्ताचं नातं नसतं. तिथेही ओढणाऱ्या आयांच्या बाळांचं वजन कमीच. म्हणजे आनुवंशिकतेवर ढकलता येत नाही, हे धुराचंच काम. वार आधीच सुटणं, वार खाली असणं, दिवस भरण्याआधी कळा येणं, हे धोकेही वाढतात. आणि फार लवकर जन्मलेल्या बाळांना पुढे शिकण्यात, लक्ष एकाग्र करण्यात अडचणी येण्याची शक्यता जास्त असते.

शिवाय पाळण्यात झोपेतच बाळ अचानक दगावण्याचा धोका आईने गरोदरपणात ओढल्यास कमीत कमी दुपटीने वाढतो. अशा बाळांच्या बुद्ध्यांकाची नोंद कुठल्याच अभ्यासात होत नाही.

चंचलपणा, एका जागी न बसणं, एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा आणि अति चंचलपणाचा विकार): याचा संबंध आहे का?

संबंध वारंवार दिसला आहे. कारण तेच आहे का, हे सिद्ध नाही. वर सांगितलेल्या टेस्ट ट्यूब बाळांच्या २००९ च्या अभ्यासात हा संबंध रक्ताचं नातं असलेल्या आई-मुलांतच दिसला. उतावळा, अस्वस्थ स्वभाव आईकडूनही येतो, आणि तसा स्वभाव असलेल्यांना सिगारेट सोडणंही जड जातं. दोन्ही एकाच मुळातून येत असावं.

माझ्या आईने आम्हा तिघांच्या वेळी ओढली. आम्ही सगळे शिकलो, नोकरीला लागलो. मग?

छान झालं. सरासरी ही शेकडो मुलांची असते, त्यातून एकाचं भविष्य वाचता येत नाही. चांगलंही नाही आणि वाईटही नाही. पावसात भिजलेले सगळेच तापाने पडत नाहीत.

बाळ लहान असलं तर प्रसूती सोपी जाते, असं ऐकलं आहे.

हे ऐकलं की माझा जीव खालीवर होतो. धुराने खुंटलेलं बाळ कळांचा ताण सोसायलाच कमी सक्षम असतं. सोपी प्रसूती त्यातून मिळत नाही, नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाची वाट मात्र जवळ येते.

माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. वाचनात मागे पडतो. मी गरोदरपणात ओढत होते. हे माझ्यामुळे झालं का?

हे सांगता येत नाही. तुम्हाला, मला, कुठल्याही डॉक्टरला. रक्ताच्या कुठल्या तपासणीतून किंवा स्कॅनमधून "हे सिगारेटमुळे" असं निघत नाही. वाचनात मागे पडण्याची कारणं ढीगभर असतात आणि त्यांतली पुष्कळ आज शोधून सुधारता येतात. आधी डोळे तपासा, मग कान. कान विशेष करून: कॅनडात ओटावा इथे १९७८ पासून चाललेल्या एका अभ्यासात, गर्भात धूर लागलेल्या मुलांना ऐकून समजून घेण्याच्या कामात अडखळताना पाहिलं आहे. शिवाय घरातल्या धुराने लहान मुलांचे कान वारंवार बिघडतात. डिस्लेक्सियाची, म्हणजे अक्षरं-शब्द वाचण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या. बालरोगतज्ज्ञांना गरोदरपणातली गोष्ट सरळ सांगा, ती त्यांच्या कामाची माहिती आहे.

मघाशी १९९४ च्या अमेरिकी अभ्यासाचा उल्लेख केला, त्याचा उरलेला अर्धा भाग फार कमी वेळा सांगितला जातो. तिथे काही गरोदर बायकांच्या घरी परिचारिका नियमित जात. आहार, सिगारेट, पुढे बाळाशी खेळणं-बोलणं, सगळ्यात सोबत करत. त्या घरांतल्या मुलांमध्ये, आईने ओढलेली असूनही, बुद्ध्यांकातली ती घट दिसली नाही. मूल जन्मल्यानंतर घरात जे घडतं, त्याचं वजन मोठं आहे. रात्री झोपताना त्याच्याशेजारी बसून मोठ्याने वाचा, बोट ओळीखाली फिरवत. वाचून झालं की गोष्टीत काय झालं ते त्याला सांगू द्या.

पूर्ण सुटत नाही. वीसवरून पाचवर आणली. चालेल?

वीसपेक्षा पाच बरं, पण जितकं वाटतं तितकं बरं नाही. कमी सिगारेटी ओढणारे नकळत झुरके खोल घेतात, थोटकापर्यंत ओढतात. शरीर आपला निकोटीनचा कोटा भरून काढतं. 'लाइट' सिगारेटचंही तेच. पाच हा मुक्काम ठरवू नका, पुढची तारीख घ्या.

मी ओढत नाही, नवरा ओढतो. बाल्कनीत जाऊन.

बाल्कनी हा आपण आपल्या मनाला दिलेला पुरावा असतो. दार उघडं असतं, धूर कपड्यांना, केसांना, पडद्यांना धरून आत येतो. दुसऱ्याच्या धुरानेही बाळाचं वजन थोडं घटतं, आणि २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बाईच्या घरात धूम्रपान नसावं अशी स्पष्ट शिफारस केली आहे. जन्मानंतरची गोष्ट वेगळीच. २००५ साली अमेरिकेत चार हजारांवर मुलांच्या रक्तातलं कोटिनिन मोजलं. कोटिनिन म्हणजे शरीरात निकोटीनपासून तयार होणारा अंश. ते ज्यांच्यात जास्त, त्यांचे वाचनाचे आणि गणिताचे गुण कमी होते. हाही सरासरीचाच आकडा, वरची सगळी सावधगिरी इथेही लागू.

आणि एक व्यवहाराची गोष्ट: घरात दुसरं माणूस ओढत असेल तर बाईची सुटलेली सिगारेट परत लागायला एक संध्याकाळ पुरते. दोघांनी एकाच दिवशी सोडली तर निभतं.

एकदम सोडल्याचा ताण बाळाला बाधेल, थोडी चालू ठेवावी असं मैत्रीण म्हणते.

मैत्रिणीचा हेतू चांगला आहे, सल्ला नाही. सोडल्यावरची चिडचिड, झोपमोड, डोकं जड होणं पहिल्या आठवड्यात जोरात असतं आणि दोन-चार आठवड्यांत ओसरतं. एकेक तलफ तीन ते पाच मिनिटांत येऊन जाते. तेवढा वेळ हाताला काम द्या: भांडं घासा, फोन लावा, जिना उतरून या.

पॅच (कातडीवर चिकटवायची निकोटीनची पट्टी) किंवा निकोटीनचं च्युइंगगम चालतं का?

डॉक्टरांशी बोलून. पॅचमध्येही निकोटीन असतंच, पण कार्बन मोनॉक्साइड आणि बाकीची हजारो रसायनं नसतात. ब्रिटनमध्ये एक हजार पन्नास गरोदर बायकांवर निकोटीनच्या पॅचची चाचणी झाली. सिगारेट सोडण्याच्या बाबतीत फार फरक पडला नाही, कारण बहुतेकींनी महिनाभरही पॅच लावला नाही. शिवाय गरोदरपणात शरीर निकोटीनचा निचरा नेहमीपेक्षा भरभर करतं, त्यामुळे साधी मात्रा अपुरी पडते. पण दोन वर्षांनी मुलं तपासली तेव्हा खरा पॅच मिळालेल्या गटात ७३ टक्के मुलांच्या वाढीत काही अडचण नव्हती. खोटा, निकोटीन नसलेला पॅच मिळालेल्या गटात हे प्रमाण ६५ टक्के होतं. निदान पॅचने मुलांचं नुकसान झालं, असं दिसलं नाही. सिगारेट सोडण्यासाठीच्या बुप्रोपिऑन किंवा व्हॅरेनिक्लिनसारख्या गोळ्या मात्र गरोदरपणात स्वतःहून घेऊ नका. आधी घेत असाल तर दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांना विचारा.

ई-सिगारेट? चघळण्याचा तंबाखू?

दोन्हींत निकोटीन आहे, आणि मुकादमाच्या आवाजात ओरडणारं ते तेच. तंबाखू चघळणाऱ्या आयांमध्येही कमी वजनाचं बाळ आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढलेला आढळतो. धूर नाही म्हणजे धोका नाही, हे खरं नाही.

डॉक्टरांना खरं सांगावं का? रागावतील.

कदाचित रागावतील. काही जण रागावतातच, आणि माझ्या मते ती त्यांची चूक आहे. तरी सांगा. वाढ नीट होते आहे का हे पाहायला जास्तीची सोनोग्राफी लागेल की नाही, औषधांची मात्रा किती, हे त्यावर ठरतं. समोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून फाइलमध्ये ठेवा. तसं करणाऱ्या मी पाहिल्या आहेत.

बाळ झाल्यावर पुन्हा सुरू झाली. आता अंगावर पाजू की नको?

पाजा. सिगारेट ओढणाऱ्या आईचं दूधही बाळाला बाहेरच्या दुधापेक्षा हिताचं धरतात. निकोटीन दुधात उतरतं, त्याने बाळाची झोप तुटते, पण आईच्या शरीरात ते साधारण दोन तासांत निम्मं होतं. म्हणून ओढायचीच झाली तर पाजण्याआधी नको, पाजून झाल्यावर लगेच, घराबाहेर. वरचा सदरा बदला, हात-तोंड धुवा. आणि ओढणारी आई किंवा बाप असेल तर बाळाला स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपू नका. त्याला त्याच खोलीत, वेगळ्या पाळण्यात, पाठीवर झोपवा.